पहिल्या दुधाचा वास

डॉक्टर मल्लिनाथ हत्तुरे यांना किळस म्हणून येतच नाही, असं दक्षिण सोलापूरच्या गावागावांतून बोललं जायचं. ते जनावरांचे डॉक्टर. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून पारडू फिरवायचं, सडलेल्या खुरातल्या अळ्या चिमट्याने वेचायच्या, आणि हौदावर हात धुऊन त्याच शेतकऱ्याच्या ओसरीवर दही-भाकरी खायला बसायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. नोकरी संपली तरी लोक बोलवायला यायचेच.

अशा माणसाला मूठभर सोयाबीनने हरवलं.

त्यांची एकुलती एक मुलगी अक्षता पुलांची इंजिनियर. नागालँडमधल्या झुन्हेबोटो नावाच्या डोंगरी गावाजवळ पुलाच्या कामासाठी म्हणून गेली आणि तिथल्याच कॉलेजात शिकवणाऱ्या विकाटोशी लग्न करून राहिली. त्यांना मुलगी झाली तेव्हा मल्लिनाथ पहिल्यांदा तिकडे गेले. बायको, कमलाक्षी, वर्षभरापूर्वीच गेली होती. ते एकटेच गेले.

विकाटोची आई होतोली हिने त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक केला होता. व्याही मांस खात नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणून भांडीसुद्धा नवी आणली होती. भात, उकडलेली भाजी आणि मधोमध वाटीत काळपट तपकिरी चटणी. अखुनी. सोयाबीन उकडून, पानात बांधून, चुलीवरच्या फळीवर काही दिवस आंबवायचं. मग भाजलेला टोमॅटो आणि मिरची घालून वाटायचं. मांसाचा स्पर्शही नसलेला, शुद्ध शाकाहारी पदार्थ.

पण वास! ओले मोजे आणि गोठ्यात साचलेलं मूत यांच्या मधला काहीतरी. मल्लिनाथांनी घास केला, हात तोंडापाशी नेला, आणि त्यांच्या शरीराने त्यांचं ऐकलं नाही. उठून ते बाहेर धावले आणि कोबीच्या वाफ्यात ओकले.

परत आत आले तेव्हा वाटी तिथे नव्हती. चुलीवरची गाठोडीही नव्हती. होतोलीने ती शेजारणीकडे पोचवली होती. राहिलेले सगळे दिवस ती हसतमुखाने त्यांना बटाटे उकडून वाढत राहिली. कोणी एका शब्दाने काही म्हणालं नाही. मल्लिनाथ सोलापूरला परतले आणि पुढे दरवर्षी, तिकडे न जायला त्यांना काही ना काही कारण सापडत गेलं.

नात सहा वर्षांची झाली. इनाली तिचं नाव. व्हिडिओ फोनवर ती आईकडून शिकलेलं सोलापुरी मराठी बोलायची. एकदा अक्षता खोलीबाहेर गेली तेव्हा इनाली फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "अज्जा, आमच्या घराला घाण वास येतो का ओ?"

"कोण म्हणालं असं?"

"कोणी नाही. पण तुमचा फोन यायच्या आधी आई आजीला अखुनीचं गाठोडं खाली काढायला सांगते. फोनमधून वास जातो का?"

 फोन ठेवल्यावर मल्लिनाथ हातात तो काळा पडदा धरून बसले होते.

*

त्या सुमारास पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या औषधाची वर्तमानपत्रांतून चर्चा होती. नाकात मारायचा फवारा. सैन्यातल्या लोकांना, परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना, पूरग्रस्तांच्या छावणीत पोचलेल्यांना, जिथे असतील तिथलं अन्न आपलंसं वाटावं म्हणून तो तयार केला होता. चाचण्यांसाठी स्वयंसेवक हवे होते. मल्लिनाथांनी नाव दिलं.

तिथल्या संशोधक डॉ. रेहाना मुजावर यांनी त्यांच्यासमोर एक छोटी कुपी धरली. "जुनं, मुरवलेलं चीज आहे. कसं वाटतं?"

मल्लिनाथांनी हुंगलं. "उग्र आहे. पण चालेल."

"आणि हे?" दुसरी कुपी. "दिवसभर बूट घातलेल्या पायांच्या घामाचा वास."

त्यांनी झटकन मान मागे घेतली.

"दोन्ही कुप्यांत एकच द्रव आहे," रेहाना म्हणाल्या. "एकच आम्ल चीजमध्येही असतं आणि घामातही. तुमच्या नाकाने दोन्ही वेळा तेच सांगितलं. फरक केला तो मेंदूने."

मल्लिनाथांनी दोन्ही कुप्या पुन्हा पुन्हा हुंगून पाहिल्या. त्यांना गंमत वाटायला लागली होती. "म्हणजे मी त्या दिवशी सोयाबीनला नाही ओकलो?"

"नाही. असं बघा, तान्हं मूल काहीही तोंडात घालतं. माती, किडा, स्वतःची शी. त्याला किळस नसते. दोन-तीन वर्षांचं झालं की ते निवडायला लागतं. तोपर्यंत जे आपलं झालं ते आपलं. बाकी सगळ्याचा संशय. आणि आपलं काय, परकं काय, हे ते शिकतं कशावरून? आईच्या चेहऱ्यावरून. तिचं नाक मुरडलं की मुलाच्या मेंदूत त्या वासापुढे फुली बसते."

"पारडूसुद्धा म्हशीच्या मागे फिरून कोणता पाला खायचा ते शिकतं."

"अगदी तसंच. पण माणसाचं पिल्लू जास्त करून तोंडाकडे बघतं. हे शिक्षण झालं की मेंदूतल्या त्या भागातल्या पेशींभोवती एक बारीक जाळं विणलं जातं. शिकलेलं पक्कं राहावं म्हणून. आमचा फवारा ते जाळं काही दिवसांपुरतं सैल करतो. म्हणजे त्या दिवसांत तुम्ही पुन्हा दोन वर्षांचे. ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत खा. मग जाळं पुन्हा आवळतं आणि नवीन शिकलेलं आत राहतं."

"मी मांस खाणार नाही हं," मल्लिनाथ म्हणाले. "आमच्याकडे चालत नाही आणि मला खायचंही नाही."

"खाऊ नका ना. किळस वेगळी आणि नियम वेगळा. नियमाला औषध हात लावत नाही." मग रेहानांचा आवाज जरा बदलला. "एक मात्र लक्षात ठेवा. दार उघडं असतं तेव्हा त्यातून आत येता येतं तसं बाहेरही जाता येतं. तुमच्या जिवाभावाचं खाणं त्या दिवसांत परक्या पंगतीत खाऊ नका. समोरच्याने तोंड वाकडं केलं तर तेही शिकाल."

मल्लिनाथांनी मान डोलावली. आपल्या दही-भाकरीकडे बघून तोंड वाकडं करणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहीना, म्हणून ते बोलणं त्यांच्या मनात फार खोल गेलंच नाही.

*

झुन्हेबोटोला पोचल्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी सगळे बसले. होतोली सुमी भाषेत बोलायची. दोघांच्याही कानात छोटा यांत्रिक दुभाषी बसवलेला होता; मल्लिनाथांचा दुभाषी तिचं बोलणं जवळजवळ त्याच क्षणी मराठीत सांगायचा, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारख्या आवाजात. चुलीवरची फळी रिकामी होती.

"विहीणबाई," मल्लिनाथ म्हणाले, "अखुनी कुठे आहे?"

होतोलीने अक्षताकडे पाहिलं. अक्षता म्हणाली, "अप्पा, उगाच हट्ट नको. मला दोन्हीकडून ओशाळं व्हायला होतं."

"मी वासाचं औषध नाकात मारून आलोय. वाढायला सांग."

विकाटो शेजारच्या घरी जाऊन गाठोडं घेऊन आला. होतोलीने चटणी वाटली. इनालीला मांडीपाशी घेऊन मल्लिनाथ बसले आणि सांगितल्याप्रमाणे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पोरीने भाताच्या गोळ्याने वाटी पुसून घेतली, डोळे बारीक केले, तिखटाने 'स्स' केलं आणि लगेच दुसरा घास भरला.

मल्लिनाथांनी घास घेतला. वास तोच होता, जराही कमी झालेला नव्हता. पण त्या वासामागे आजवर कोणीतरी 'पळ' म्हणून ओरडत होतं, ते गप्प झालं होतं. ते गप्प झाल्यावर मग बाकीचं कळायला लागलं. भाजलेल्या डाळीसारखं काहीतरी. धुराचं, ओल्या मातीचं, खूप मुरलेल्या चिंचेचं. ते चावत राहिले. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर.

"हे तर मेतकुटाच्या थोरल्या भावासारखं आहे," ते म्हणाले.

दुभाष्याने मेतकुटाचं काय केलं कोण जाणे.  होतोलीने उठून चटणीचं सगळं भांडंच त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि फळीवर गाठोडं परत बांधायला गेली. पाठमोरी असताना तिने पदरासारख्या शालीने डोळे टिपले, ते अक्षताला दिसलं.

पुढचे दिवस मजेत गेले. मल्लिनाथ बाजारात जाऊन प्रत्येक टोपलीशी वाकून हुंगायचे. आंबवलेले बांबूचे कोंब, सुकवलेली अळूची पानं. हे कशाचं, किती दिवस ठेवता, उन्हात की सावलीत, असे प्रश्न विचारून बाजारातल्या बायकांना त्यांनी हैराण केलं. मांसाच्या दुकानासमोरून मात्र ते पूर्वीसारखेच सरळ पुढे जायचे. इनाली त्यांचं बोट धरून सगळ्यांना सांगत सुटली होती, "हे माझे अज्जा. हे अखुनी खातात."

*

एका दुपारी अक्षता म्हणाली, "अप्पा, तुमच्या बॅगेत ते पुडकं कसलं आहे?"

"चिकाची पावडर. तुझ्यासाठी आणलीय. म्हटलं खरवस करावा."

अक्षता एकदम लहान मुलीसारखी उभी राहिली. तिच्या लहानपणी म्हैस व्याली की शेतकरी डॉक्टरांच्या घरी कासंडीभर चीक पाठवायचे. कमलाक्षी त्यात गूळ आणि वेलदोडा घालून उकडायची, आणि वड्या पाडेपर्यंत मायलेकी पातेल्याशी बसून कडेचा खरवस चमच्याने खरवडत बसायच्या. आई गेल्यापासून अक्षताने तो खाल्ला नव्हता.

रेहानांचं बोलणं मल्लिनाथांना आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण खरवसाला कोण नाक मुरडणार, असंच त्यांना वाटलं.

खरवस सुरेख झाला. अक्षताने पहिली वडी डोळे मिटून खाल्ली आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "आईसारखा झालाय." मल्लिनाथांनी ताटली होतोलीपुढे केली.

"हे कशाचं?" तिने विचारलं.

मल्लिनाथ उत्साहाने सांगायला लागले. म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे दूध येतं ते वेगळं असतं, दाट, पिवळसर. त्यात पिल्लाला रोगापासून वाचवणारं सगळं असतं. तापवलं की ते आपोआप घट्ट होतं.

होतोलीने तोवर तुकडा तोंडात घातला होता. ती चावायची थांबली. तिच्या घरात दूध कधीच नव्हतं. तिच्या लहानपणी गावात गाई असत, पण त्यांचं दूध काढून प्यायचं असतं हे तिच्या आईला माहीतच नव्हतं. तिने तुकडा थुंकला नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत जोर करून तिने तो गिळला. "छान आहे," असं दुभाष्याने मल्लिनाथांच्या कानात सांगितलं. पण तिचा वरचा ओठ वर उचलला गेला होता, नाकाच्या बाजूला दोन खोल रेषा पडल्या होत्या, आणि मल्लिनाथांनी ते पाहिलं. आजीकडे बघत बसलेल्या इनालीनेही पाहिलं. तिने आपला तुकडा तळहातावर थुंकला. "ईऽ! गाईच्या पोटातला वास येतोय!"

"इनाली!" अक्षता ओरडली.

"असू दे, असू दे," मल्लिनाथ हसून म्हणाले, आणि त्यांनी स्वतः एक वडी तोंडात टाकली.

गूळ लागला. वेलदोडा लागला. आणि त्याखाली कास. ओली, कोमट, केसाळ कास, तिच्यावरचं शेण, वार पडताना येणारा तो गोडसर वास. आयुष्यभर ज्या वासात त्यांनी हात घातले होते, तो आज पहिल्यांदा त्यांच्या जिभेवर आला. त्यांनी घास गिळला आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षताने त्यांच्यासाठी मुद्दाम दुधाचा चहा केला. ते तो घेऊन अंगणात गेले आणि कोबीच्या वाफ्यात ओतून आले.

*

सोलापूरला परतल्यावर काय झालंय ते पुरतं समजलं. दही, ताक, तूप, चहा, पेढा, प्रसादाचं पंचामृत. कुठेही गेलं तरी कोणीतरी काहीतरी दुधाचं पुढे करत होतं, आणि प्रत्येक वेळी तोच ओला कोमट वास. लग्नाच्या पंगतीत तुपाची धार धरलेली पाहून ते उठून गेले. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी तेलातच कालवून खायला लागले. लोकांनी विचारलं तर पोट बरं नाही म्हणायचे.

मंद्रूपचा सिद्रामप्पा त्यांचा जुना स्नेही. नुकतीच त्याची म्हैस अडली तेव्हा मल्लिनाथांनीच पारडू सोडवलं होतं. तो आनंदाने कासंडी घेऊन दारात आला. "डॉक्टर, वैनी नाहीत म्हणून काय झालं. आमच्या मंडळीनं खरवस करूनच दिलाय बघा. गरम आहे."

झाकण उघडलं आणि मल्लिनाथांना उमासा आला. त्यांनी तोंडावर हात दाबला आणि मोरीकडे पळाले. बाहेर आले तेव्हा सिद्रामप्पा कासंडीचं झाकण लावत होता. काय चुकलं असेल याचा विचार करत, खाली बघत. मल्लिनाथांना क्षणभर त्याच्या जागी होतोली दिसली, नवी भांडी आवरून ठेवणारी.

"सिद्रामप्पा, थांब," ते म्हणाले. "तुझ्या खरवसात काही खोट नाही. बस. सगळं सांगतो."

सिद्रामप्पाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे आता आम्ही तुम्हाला घाणेरडे वाटलालोत काय ओ?"

"तुम्ही नाही रे. वास."

"वास आमचाच की," सिद्रामप्पा म्हणाला, आणि कासंडी घेऊन गेला.

*

डॉ. रेहाना मुजावर यांनी त्यांना पुण्याला बोलावलं. त्या थकलेल्या दिसत होत्या.

"तुम्ही एकटे नाही," त्या म्हणाल्या. "चाचणी संपून फवारा बाजारात गेला आणि एका वसतिगृहाने तो नव्या मुलांना सरसकट दिला. मेसचं जेवण लवकर रुळावं म्हणून. गडचिरोलीच्या जंगलातली मुलं होती. त्यांनी घरून डब्यात लाल मुंग्यांची चटणी आणलेली. इतर मुलांनी डबा उघडताच आरडाओरडा केला. दारं सगळ्यांचीच उघडी होती, पण वाकडी तोंडं कोणाची जास्त, हा शेवटी संख्येचा प्रश्न. ती मुलं दिवाळीला घरी गेली आणि आईच्या हातचं खाऊ शकली नाहीत. शहरातल्या एकालाही मुंग्यांची चटणी आवडायला लागली नाही. मला वाटलं होतं, यामुळे माणसं एका ताटात जेवतील. जेवतातही. पण ताट मोठ्या घोळक्याचं असतं."

"मग आता?"

"वसतिगृहांना देणं थांबवायला मी लिहिलंय, भांडतेय. तुमचं मात्र सोपं आहे. पुन्हा फवारा घ्या. खरवस आवडणारी माणसं तुमच्याभोवती बसवू. परत येईल."

"आणि अखुनी?"

"तिची हमी देता येत नाही. तेव्हा कोण समोर असेल त्यावर."

मल्लिनाथ म्हणाले, "डॉक्टरीणबाई, चाळीस वर्षं मी दुधात वावरलो. दुधाला वास असतो हे मला माहीतच नव्हतं. तो मला आता येतो. होतोलीबाईंना जसा येतो तसा. फवारा मारला की हेही जाईल ना?"

"जाईल."

"मग जरा थांबतो. औषधाशिवाय काही होत नाही का?"

"होतं. मुलांनासुद्धा एखादी भाजी पुन्हा पुन्हा थोडी थोडी दिली की कधीतरी आवडते. पण म्हाताऱ्या माणसाला फार वेळ लागतो, आणि होईलच असं नाही."

घरी आल्यावर त्यांनी अक्षताला फोनवर सगळं सांगून टाकलं. पलीकडे ती रडली. "आईची एवढी एकच चव तुमच्याकडे उरली होती अप्पा. तीही माझ्या घरी येऊन गेली." ती रडताना मागे होतोली काय झालं म्हणून विचारत होती.

*

नागालँडच्या शाळांना हिवाळ्यात लांब सुट्टी असते. होतोली इनालीला घेऊन सोलापूरला आली. ती डोंगर सोडून इतक्या लांब कधी आली नव्हती. घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या तिने मल्लिनाथांना सांगितलं, "माझ्या तोंडाने तुमचं काहीतरी गेलं. मी काय करू?"

"तुम्ही खोटं तोंड केलं असतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं, विहीणबाई. चहा घ्या. बिनदुधाचा. अख्ख्या सोलापुरात मला आत्ताच जोडीदार मिळाला."

दोघे मिळून काळा चहा प्यायचे आणि इनाली अंगणात खेळायची. होतोलीने तिसऱ्याच दिवशी विचारलं, "तुम्ही त्या पिल्लाचं दूध काढून घेता. मग ते काय पितं? मला वास नंतर आला. आधी ते पिल्लू डोळ्यांसमोर आलं."

हा प्रश्न मल्लिनाथांना चाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता, आणि याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे होतं. त्यांनी सिद्रामप्पाला फोन केला. त्याने जरा आढेवेढे घेतले. पण दुसरी म्हैस आजउद्या व्यायच्या बेतात होती आणि डॉक्टर हवेच होते.

पहाटे म्हैस व्याली. सगळे गोठ्यात पोचले तेव्हा पारडू उभं राहायला धडपडत होतं. मल्लिनाथांनी त्याला कासेशी नेलं. "हा माझा पहिल्यापासूनचा दंडक आहे, विचारा सिद्रामप्पाला. पहिल्या तासात पिल्लाचं पोट भरायचं. कोणी आधी धार काढली तर मी त्या गोठ्यात पुन्हा पाय ठेवत नाही."

होतोली उकिडवी बसून बघत राहिली. पारडू ढुशा देत प्यालं, थांबलं, पुन्हा प्यालं, आणि शेवटी तोंडाला फेस लागलेला तसाच गवतात आडवं झालं. सिद्रामप्पाने राहिलेली धार काढायला घेतली. भांडं भरत आलं.

"एवढं उरतं?" होतोलीने विचारलं.

"तेवढं त्याने प्यायलं तर त्यालाच हगवण लागेल."

तिने पारड्याच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवून पाहिला. मग ती म्हणाली, "आता खाऊन बघते. पण गूळ नको. गोड माझ्याच्याने होत नाही."

सिद्रामप्पाची बायको बिनगुळाचा खरवस कसा करायचा म्हणून हसत सुटली. पण तिने चीक तसाच उकडून दिला. पांढरी पिवळसर घट्ट वडी झाली. होतोलीने ती चुलीतल्या निखाऱ्यांवर धरली, कडा काळ्या होईपर्यंत. जाडं मीठ टाकलं. पिशवीतून घरून आणलेली लाल सुकी मिरची काढून वर चुरली. एक तुकडा तोंडात घातला.

सगळे बघत होते. ती सावकाश चावत होती, कपाळावर आठी घालून, एखाद्या अनोळखी माणसाचं बोलणं लक्ष देऊन ऐकावं तशी. नाक मुरडलं नाही. हसलीही नाही.

"वास आहे," ती म्हणाली. "पण आता तो कुणाचा आहे ते मला माहीत आहे."

तिने दुसरा तुकडा घेतला आणि ताटली मल्लिनाथांकडे सरकवली. सिद्रामप्पा गोठ्याच्या खांबाला टेकून टक लावून बघत होता.

मल्लिनाथांनी तुकडा उचलला. धूर, मीठ, जाळ करणारी मिरची. आणि खाली, होय, तीच कास. त्यांच्या घशाशी आलं. त्यांनी श्वास घेतला. गोठ्यातही तोच वास होता, आणि त्या वासात पारडू झोपलं होतं. त्यांनी पुन्हा चावलं, आणि गिळलं.

"कसं ओ डॉक्टर?" सिद्रामप्पाने विचारलं.

"कमलाक्षीच्या हातचा नाही हा," मल्लिनाथ खरं तेच म्हणाले. "तो मला अजून नाही खाता येणार. पण हा खाल्ला की मी. उद्याही खाईन. मिरचीचं जमलंय बघ."

सिद्रामप्पा पुढे आला, त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि जोरात ठसकला. "खरवसात मिरची!" तो म्हणाला. "आमच्या आईनं बघितलं असतं तर घराबाहेर काढलं असतं मला." आणि त्याने दुसरा तुकडा घेतला.

मल्लिनाथांना तेव्हा जाणवलं की इनाली दोघांच्या मध्ये येऊन उभी आहे आणि आधी आजीच्या तोंडाकडे, मग त्यांच्या तोंडाकडे बघते आहे. अगदी निरखून. तिला काय दिसत असेल ते त्यांना कळेना. चेहरा नीट करावा असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांनी तो तसाच राहू दिला. तिखटाने लाल झालेला, डोळ्यांत पाणी आलेला, अजून चावत असलेला.

इनालीने बराच वेळ बघून घेतलं. मग तिने तोंड उघडलं.

"छोटा द्या," ती म्हणाली.